वाडीतल्या लहान पाखरांचं वर्ष

सप्टेंबर सरत आला की पावसाचा जोर ओसरतो, किनाऱ्यावर पुन्हा बोंबील वाळू लागतात आणि पालघरच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावातल्या वाड्यांमध्ये एक नवा आवाज ऐकू येतो. कुंपणाच्या दाट झुडपातून, कुणी दिसत नसताना, ‘चक्... चक्’. हा आवाज काढणारा पक्षी चिमणीपेक्षा लहान, मातकट तपकिरी आणि कमालीचा लाजरा आहे. त्याचं नाव ब्लिथचा बोरू वटवट्या. जून महिन्यात तो फिनलंड, बाल्टिक देश किंवा रशियातल्या एखाद्या झुडपात पिल्लं वाढवत होता. आता पुढचे सहा-सात महिने तो भारतात राहणार आहे आणि जागा मानवली तर त्यातले बरेच दिवस एखाद्या वाडीतल्या ठरावीक झुडपांतच काढणार आहे.

त्याच वाडीत शेवगा फुलला की सकाळी-सकाळी मध पिणाऱ्या शिंजिरांची गडबड सुरू होते. कालपर्यंत एखादाच दिसत होता, आज चार-पाच आहेत. फुलं संपली की तेही नाहीसे होतात.

एक पाहुणा हजारो किलोमीटरवरून येतो, दुसरा शेजारच्या पाड्यावरून. दोघांचंही येणं-जाणं वरवर पाहता योगायोगाचं वाटतं, पण त्यामागे पक्की कारणं आहेत. दिवसाची लांबी, फुलांचा बहर, पानांवरच्या किड्यांची चढ-उतार यांतून हे वेळापत्रक ठरतं. ते समजून घेतलं तर आपल्या परसातली कुठली गोष्ट कोणत्या पाखराला बोलावते आणि कुठली त्याला हाकलते हे कळतं. पालघरच्या किनारपट्टीवर ज्यांच्याकडे दोन झाडं लावायला जागा आहे, अशा प्रत्येकाला हे कळणं मोलाचं आहे.

मध पिणारी तीन घराणी

आधी मध पिणाऱ्यांकडे पाहू, आणि सुरुवात जरा दुरून करू. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे तिकडे थंडीची चाहूल लागते तेव्हा, पिवळ्या चेहऱ्याच्या मधखाऊ पक्ष्यांचे थवे उत्तरेकडे निघतात. ते दिवसाउजेडी उडतात, झाडांच्या शेंड्यांवरून गटागटाने पुढे सरकतात आणि साधारण ऑगस्टपासून परत फिरतात. तिथल्या बागांमध्ये त्यांचं येणं-जाणं हा ऋतू बदलल्याचा दाखला असतो.

भारतात हे मधखाऊ घराणं नाही. ते ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि पॅसिफिकमधल्या बेटांचं. आपल्याकडे आणि आफ्रिकेत हेच काम शिंजीर करतात, अमेरिका खंडांत ते गुंजन पक्षी म्हणजे हमिंगबर्ड करतात. या तिन्ही घराण्यांचं आपसात जवळचं नातं नाही. फुलाच्या तळाशी असलेला गोड रस काढायचा, एवढी एकच गरज होती आणि तिच्यातून लांब चोच आणि रस टिपणारी खास जीभ ही हत्यारं वेगवेगळ्या खंडांत स्वतंत्रपणे घडत गेली. मधखाऊंच्या जिभेचं टोक कुंचल्यासारखं असतं, शिंजिराची जीभ नळीसारखी. गुंजन पक्षी हवेत स्थिर राहून पितो. शिंजीर क्वचित तसं करतो, पण शक्यतो फांदीवर किंवा देठावर बसून, वाकून, प्रसंगी उलटा लटकून पितो. म्हणून त्याला फुलाजवळ बसायला आधार लागतो. झाड निवडताना ही गोष्ट उपयोगी पडते.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात घराजवळ सहज दिसणारे शिंजीर दोन. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. दोघांचंही वजन दहा ग्रॅमच्या आत असतं. सह्याद्रीच्या झाडीत आणखी एक, किरमिजी छातीचा विगर्सचा शिंजीर राहतो, तो पश्चिम भारताबाहेर सापडत नाही. यांच्या जोडीला फुलांवर येणारे आणखी दोघं आहेत. एक चष्मेवाला, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला हिरवा-पिवळा पक्षी, जो विणीचा काळ सोडून थव्याने फिरतो. दुसरा फुलटोचा, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, जेमतेम आठ सेंटिमीटरचा.

फूल आणि चोच यांचा व्यवहार

झाड मध फुकट देत नाही. पाखराने एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर न्यावा, याची ती मजुरी असते. पक्ष्यांवर भिस्त ठेवणाऱ्या फुलांची ठेवण त्यामुळे वेगळी असते. ती बहुधा लाल, केशरी किंवा गडद गुलाबी असतात, कारण पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो आणि मधमाश्यांना तो फारसा कळत नाही. त्यांना वास नसतो किंवा अगदी कमी असतो. ती दिवसा उमलतात आणि किड्यांवर अवलंबून असलेल्या फुलांपेक्षा जास्त, पण पातळ रस देतात. या रसात साखरेचं प्रमाण साधारण वीस ते पंचवीस टक्के असतं. पांगारा, पळस, काटेसावर ही आपल्याकडची ठळक उदाहरणं.

एका फुलातला रस पाखराची भूक भागेल इतका कधीच नसतो. म्हणून त्याला फुलाफुलाला भेट द्यावी लागते, आणि झाडाला तेच हवं असतं. चष्मेवाल्याच्या कपाळावर किंवा शिंजिराच्या गळ्यावर पिवळी भुकटी दिसली, तर तो परागच.

या विषयाचा भारतातला पाया पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी घातला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1932 साली त्यांनी भारतातले फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांसाठी फुलणारी झाडं यांवर सविस्तर लेख लिहिला. त्याआधी 1931 साली त्याच नियतकालिकात त्यांचा आणखी एक लेख आला होता, तो थेट कोकणातला. आंब्यावर आणि इतर झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाचा प्रसार शिंजीर आणि फुलटोचे कसा करतात, हा त्याचा विषय.

बांडगुळाचं हे काम वाडीत उभं राहून पाहता येतं. त्याची लांब, नळीसारखी कळी पक्व झाली तरी टोकाशी मिटलेली राहते. शिंजीर किंवा फुलटोचा तिला चोचीने दाबतो, तेव्हा ती फटकन उघडते आणि पराग पाखराच्या डोक्यावर उडतो. पुढे फळं पिकली की फुलटोच्याची पाळी. तो फळ खातो, पण त्यातलं बी कमालीचं चिकट असतं. ते शरीराबाहेर पडताना सहज सुटत नाही, म्हणून पाखरू आपलं बूड फांदीवर घासतं आणि बी तिथेच चिकटून रुजतं. कोकणातल्या आंब्यांवर बांडगूळ वाढतं ते असं. बागायतदाराला ते नकोसं असतं, कारण ते आंब्याचा जीवनरस शोषतं, आणि कलमावरून ते काढून टाकणं योग्यच आहे. मात्र कुंपणावरच्या किंवा रानातल्या झाडावर एखादं राहू दिलं, तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाखरांना फुलं आणि फळं दोन्ही मिळतात.

या व्यवहारात चोरीही होते. जास्वंदीच्या फुलात वरून शिरून परागकणांना स्पर्श करत रस पिण्याऐवजी शिंजीर बऱ्याचदा फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडतो आणि तिथून रस ओढतो. झाडाला त्याचा काहीच लाभ होत नाही. सकाळी जास्वंदीची फुलं उलटी करून पाहिली तर देठाजवळ अशी बारीक छिद्रं सापडतात.

शिंजीर केवळ मधावर जगत नाहीत, ही गोष्ट इथेच ध्यानात घ्यावी. मधात साखर असते, प्रथिनं जवळपास नसतात. शरीर बांधायला, पिसं बदलायला आणि विशेषतः पिल्लं वाढवायला कोळी, अळ्या आणि बारीक किडे लागतात. फुलं भरपूर आहेत पण दर पंधरा दिवसांनी कीटकनाशकाचा फवारा बसतो, अशी बाग शिंजिराला पोटभर मध देते आणि त्याच्या पिल्लांना उपाशी ठेवते.

शिंजीर येतो कुठून, जातो कुठे

दोन्ही शिंजीर आपल्याकडे वर्षभर आहेत. तरी वाडीत ते कधी गर्दीने दिसतात, कधी नाहीसे होतात. याचं पहिलं कारण बहर. पांगारा फुलला की आसपासच्या दोन-चार गावांतली पाखरं तिथे जमतात, तो ओसरला की पळसाकडे किंवा काटेसावरीकडे जातात. याला स्थानिक स्थलांतर म्हणतात. त्याला ठरलेली दिशा नसते. अन्न सरकेल तसं पाखरू सरकतं.

दुसरं कारण आपल्या ओळखण्यातलं आहे. जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात उन्हात काळा-निळा-जांभळा चमकतो. वीण संपली की तो ही झळाळी उतरवतो. साधारण पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत त्याचं अंग मादीसारखं पिवळसर दिसतं, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा राहतो. त्यामुळे जांभळे शिंजीर निघून गेले असं वाटतं, पण ते समोरच्या जास्वंदीवर असतात. जानेवारीच्या सुमारास पिवळ्या अंगावर काळे-निळे ठिपके उमटू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत पूर्ण पोशाख परत येतो. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचं असं होत नाही. त्याचा नर वर्षभर त्याच रंगात असतो. तिन्ही ऋतूंत रंगीत दिसणारा तो हा, आणि रंग बदलणारा तो जांभळा, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ मिटतो.

वीण मुख्यतः पावसापूर्वी, उन्हाळ्यात. घरटं म्हणजे फांदीच्या टोकाला, कधी ओट्यावरच्या वायरीला किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेली लांबट थैली. गवत, साल, वाळलेली पानं हे सगळं कोळिष्टकांनी बांधलेलं असतं आणि बाजूच्या दारावर छोटीशी पडवी काढलेली असते. अंडी बहुधा दोन. घरटं बांधणं आणि अंडी उबवणं मादी करते, पिल्लांना भरवायला नर मदतीला येतो. याच दिवसांत नर गाडीच्या आरशावर किंवा खिडकीच्या काचेवर चोची मारत बसतो. आपलं प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतं. आरशावर फडकं टाकलं की त्याची दमणूक थांबते.

पाच हजार किलोमीटरवरून

आता लांबून येणाऱ्यांकडे वळू. ब्लिथचा बोरू वटवट्या, हिरवट पर्ण वटवट्या, लाल कंठाचा माशीमार, कृष्ण थिरथिरा, धोबी ही हिवाळ्यात आपल्या वाड्यांत उतरणारी लहान पाखरं. यांतली बहुतेक किडे खाणारी आहेत. त्यांच्यासाठी आपली बाग फुलांची नसते, पानांची आणि पालापाचोळ्याची असते.

ती मुळात निघतात का? हेलसिंकीला जूनमध्ये दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सहा तासांपेक्षाही कमी. उन्हाळ्यात तिथे किड्यांचा सुकाळ आणि पिल्लांना भरवायला लांबच लांब दिवस, हिवाळ्यात बर्फ आणि उपासमार. मुरब्याला मात्र सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास असतो. इथे टोकाचं काहीच नाही. पावसाने वाढलेली हिरवळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किड्यांनी भरलेली असते आणि नेमकी तेव्हाच ही पाखरं पोचतात.

निघायची वेळ थंडी पडल्यावर ठरत नाही, दिवस लहान होऊ लागल्यावर ठरते. डोळ्यांतून आणि मेंदूतून हा बदल टिपला जातो, शरीरातलं वार्षिक घड्याळ संप्रेरकांना चालना देतं आणि पाखरू अधाशासारखं खाऊ लागतं. जादा अन्न चरबीच्या रूपात साठतं, कारण एक ग्रॅम चरबीत एक ग्रॅम साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. उडणाऱ्या जिवाला याहून हलकं इंधन नाही. लांब टप्पा ओलांडण्याआधी काही लहान पक्ष्यांचं वजन दुपटीच्या जवळ जातं.

ऑस्ट्रेलियातले मधखाऊ दिवसा प्रवास करतात, पण आपल्याकडे येणारे वटवटे आणि माशीमार मुख्यतः रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. ताशी तीस-चाळीस किलोमीटर या वेगाने एका रात्रीत अडीच-तीनशे किलोमीटर सहज कापले जातात. मग काही दिवस थांबून पुन्हा चरबी साठवायची आणि पुढचा टप्पा. मॉस्को ते मुंबई हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर आहे. प्रत्यक्ष वाट त्याहून लांब, कारण पश्चिम भारतात येणारी बरीच लहान पाखरं मध्य आशियातून, हिमालय आणि तिबेटच्या पठाराला पश्चिमेकडून वळसा घालून येतात.

दिशा कशी कळते? सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, तिन्हींच्या आधारे. 1960च्या दशकात स्टीफन एम्लेन यांनी अमेरिकेतल्या तारांगणात पिंजऱ्यातले पक्षी ठेवून प्रयोग केले. कृत्रिम आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना पिल्लं पाहत, तो बिंदू ती उत्तर मानत. आकाशाचा फिरण्याचा बिंदू बदलला की पक्ष्यांची दिशाही बदले. ब्लिथच्या वटवट्याचं यंदाच जन्मलेलं पिल्लू कुणी वाट न दाखवता पहिल्याच हिवाळ्यात भारतात पोचतं, ते अशा उपजत ज्ञानावर आणि पहिल्या काही आठवड्यांत आकाश पाहून पक्क्या केलेल्या खुणांवर.

ही वाट माणसाला समजली ती पायात कडी घालून. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालण्याचा प्रकल्प चालवला. पक्षी इथे पकडून कडी घालायची आणि तोच पक्षी पुढे कुठे सापडतो त्याची वाट पाहायची, अशी ही चिकाटीची पद्धत. आता पाठीवर बसवायची अतिशय हलकी उपकरणं आली आहेत. त्यांनी दाखवलं की नॉर्वेत वीण करणारे निळ्या गळ्याचे शंकर पक्षीही आफ्रिकेकडे न जाता भारतीय उपखंडाकडे येतात.

आल्यावर ही पाखरं कशीही भटकत नाहीत. हिरवट पर्ण वटवट्यावर ट्रेवर प्राइस आणि पुढे मधुसूदन कट्टी यांनी दक्षिण भारतात काम केलं. जेमतेम सात-आठ ग्रॅमचा हा पक्षी हिवाळाभर एकट्याने आपली हद्द राखतो आणि जगला-वाचला तर पुढच्या वर्षी त्याच जागी परत येतो. म्हणजे यंदा आपल्या आंब्यावर ‘ची-विट्’ ओरडणारा वटवट्या गेल्या वर्षीचाच असण्याची चांगली शक्यता असते. त्याने सायबेरियाकडे जाऊन यायचं आणि इथे तो आंबाच तोडलेला असायचा, हे त्याच्या दृष्टीने किती मोठं नुकसान आहे ते यावरून समजावं.

मुरब्याचं वर्ष

आता हे सगळं एका वर्षात मांडून पाहू.

जून आणि जुलै. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. हिवाळी पाहुणे केव्हाच गेलेले. पावसाच्या तोंडावर मात्र नवरंग पक्षी दक्षिणेकडून येतो. तोही रात्रीचा प्रवासी. दमलेला नवरंग पहाटे ओट्यावर किंवा इमारतीच्या आवारात बसलेला सापडतो. अशा वेळी त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवावं, पाणी तोंडात ओतू नये आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. वाडीत शिंपी आणि राखी वटवट्या यांची घरटी असतात. शिंजिरांना केळफूल, नारळाची पोय आणि जास्वंद यांचा आधार, तर पूर्वेकडच्या टेकड्यांवर मुरुडशेंगेची तांबडी फुलं पावसात पाखरांना बोलावतात.

ऑगस्ट आणि सप्टेंबर. करडा धोबी शेपटी हलवत ओढ्याकाठी पहिल्यांदा दिसतो. भोरड्या मध्य आशियातली वीण आटोपून देशात शिरू लागतात. झुडपांतून ‘चक् चक्’ सुरू होतं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. लाल कंठाचा माशीमार येतो, शेपटी वर उडवतो आणि कोरडी ‘टर्रर्र’ काढतो. लाल गळा फक्त मोठ्या नराला असतो, बाकीचे तपकिरी-पांढरे. कृष्ण थिरथिरा गोठ्याच्या छपरावर, पांढरा धोबी मोकळ्या अंगणात, माळभिंगऱ्या विजेच्या तारांवर. हळद्याचा पिवळा रंग आंब्यातून चमकून जातो. 5 नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि नेमके याच दिवसांत हिवाळी पाहुणे आपापल्या जागी स्थिरावलेले असतात.

डिसेंबर आणि जानेवारी. शेवगा फुलतो, बांडगुळाला कळ्या येतात. चष्मेवाल्यांचे थवे झाडं विंचरत जातात. जांभळ्या शिंजिराचे नर रंग धरू लागतात.

फेब्रुवारी आणि मार्च. वर्षातली सगळ्यांत मोठी मेजवानी. काटेसावर, पांगारा, पळस पानं गाळून फुलतात. त्यांवर शिंजीर तर येतातच, शिवाय बुलबुल, कोतवाल, हरेवा, साळुंक्या आणि भोरड्यांचे थवे येतात. भोरडीला पळसमैनाही म्हणतात. लांबून आलेली असूनही फुलांचा रस आवडीने पिणारी अशी ती विशेष पाहुणी. याच सुमारास झाडांना कोवळी पालवी फुटते, तिच्यावर अळ्या वाढतात आणि परतीच्या प्रवासाआधी वटवट्यांना चरबी साठवायला अन्न मिळतं.

एप्रिल आणि मे. पाहुणे एकेक करून निघतात. ब्लिथचा वटवट्या जाण्याआधी झुडपात हलकंसं गाऊ लागतो, मग एका सकाळी त्याचा आवाज येत नाही. करंज फुलतो. शिंजिरांची पिल्लं घरट्यात असतात.

वाडी त्यांच्यासाठी कशी राखायची

पहिली गोष्ट, बाराही महिने काही ना काही फुललेलं असावं. जास्वंद, केळ आणि नारळ वर्षभराची बाजू सांभाळतात. शेवगा हिवाळा सांभाळतो. पांगारा उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो, आणि तो मुळात समुद्रकाठचाच असल्याने खारा वारा त्याला चालतो. फांदी रोवली तरी लागतो, म्हणून कुंपणालाही उत्तम. जागा मोठी असेल तर एक काटेसावर. गॅलरीतल्या कुंडीत हमेलिया किंवा साधी एकेरी जास्वंद पुरते. गच्च पाकळ्यांची दुहेरी जास्वंद दिसायला भरगच्च असली तरी पाखरांना रसापर्यंत पोचणं अवघड जातं.

दुसरी गोष्ट, थर. उंच झाड, मधलं झुडूप आणि खाली पाचोळा असे तिन्ही थर असतील तर तिन्ही प्रकारचे पाहुणे मावतात. हिरवट वटवट्या शेंड्यात, ब्लिथचा वटवट्या झुडपात, नवरंग पाचोळ्यात. कुंपण कापून लख्ख करण्याऐवजी त्याचा एक कोपरा गच्च वाढू द्यावा आणि गळलेली पानं न जाळता झाडांच्या बुंध्याशी पसरावीत.

तिसरी, विषाची फवारणी टाळावी. रोग हाताबाहेर गेला तर तेवढ्याच झाडापुरता उपाय करावा. कोळ्यांची जाळी सगळीच झाडून काढू नयेत, शिंजिराचं घरटं त्यांच्यावरच उभं राहतं.

चौथी, पाणी. उथळ, खडबडीत तळाचं मातीचं भांडं, रोज धुऊन भरलेलं, मांजराची झेप पोचणार नाही अशा जागी. साखरेचं पाणी ठेवण्याचा मोह होतो, पण आपल्या दमट हवेत ते लवकर आंबतं. त्यापेक्षा एक फुलझाड जास्त भरवशाचं.

पाचवी, उजेड. रात्री उडणारी पाखरं प्रखर दिव्यांनी गोंधळतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मार्च ते मे या महिन्यांत गच्चीवरचे, आवारातले अनावश्यक दिवे रात्री बंद ठेवणं सहज शक्य आहे. बोईसरच्या कारखान्यांना आणि गृहसंकुलांनाही.

लिहून ठेवण्याचं महत्त्व

हा किनारा झपाट्याने बदलतो आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होत आहे आणि खुद्द मुरब्यालाही बंदर प्रस्तावित आहे. पुढच्या काही वर्षांत इथली कुठली पाखरं कमी झाली, कुठली उशिरा येऊ लागली, हे सांगायचं तर आज ती केव्हा आणि किती येतात याची नोंद हवी. ती वाडीत राहणाऱ्या माणसाइतकी चांगली कुणीच करू शकत नाही, कारण तो तिथे रोज असतो.

2007 साली भारतात ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला, तो याच विचाराने. हिवाळी पक्षी पहिल्यांदा दिसल्याची आणि शेवटचा दिसल्याची तारीख सामान्य लोकांनी कळवायची, इतकी साधी ती योजना होती. आज अशा नोंदी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर जमा होतात आणि दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये जगभरचे लोक आपापल्या परसातली पाखरं मोजतात. त्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात. मोबाइल नको असेल तर वही पुरते. तारीख, वेळ, जागा, दिसलेली पाखरं आणि त्या दिवशी कुठली झाडं फुलली होती. शेवटचा रकाना सोडू नये, कारण पाखरू का आलं याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच रकान्यात असतं.

शाळांसाठीही हा सोपा उपक्रम आहे. एका वर्गाने सप्टेंबर ते एप्रिल दर आठवड्याला एकाच वाडीची नोंद ठेवली, तर पहिल्याच वर्षी मुलांच्या हाती त्यांच्या गावाचं स्वतःचं पक्षी-पंचांग येईल. पाच वर्षांत ते इतकं पक्कं होईल की कुठलं झाड तोडलं तर कोणाचं अन्न जाईल, हे गावाला ग्रामसभेत तारखांनिशी सांगता येईल. लहान पाखरांची बाजू मांडायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. आणि तो गोळा करायला सुरुवात करण्यासाठी कुठल्या ऋतूची वाट पाहावी लागत नाही. आज जे झाड फुललं आहे, त्याच्यापासून सुरुवात करता येते.